बिनगोळीचा डाव

सुलभाताईंनी न्हाणीघराची कडी आतून लावली, नळ मोठा सोडला आणि कमरेला खोचलेली गोळ्यांची पट्टी बाहेर काढली. उजवा हात उठल्यापासून आपल्याच तालात हलत होता. म्हणून पट्टी डाव्या हातात धरून त्यांनी तिची चांदी दातांनी फाडली. पहिली गोळी निसटून मोरीकडे घरंगळली. दुसरी त्यांनी जिभेवर ठेवली आणि ओंजळीतल्या पाण्याबरोबर गिळली. अर्धं पाणी कोपरावरून ओघळून साडीवर गेलं, पण गोळी पोटात गेली, म्हणजे काम झालं.

"सुलभा, पाणी वाया चाललंय," बाहेरून पुरुषोत्तमराव म्हणाले.

"तोंड धुतेय. धुऊ की नको?"

या प्रश्नाला उत्तर देण्याची पुरुषोत्तमरावांची लग्नापासून कधी छाती झाली नव्हती. ते मुकाट्यानं चपला शोधायला गेले.

आज गोळी घ्यायची नव्हती. काल रात्रीपासूनच घ्यायची नव्हती. मोठ्या डॉक्टरांनी तेवढ्यापुरती परवानगी दिली होती, आणि धनलक्ष्मीनं फोनवर पुन्हा पुन्हा बजावलं होतं. धनलक्ष्मी ही इस्पितळात संशोधन करणारी मुलगी, मूळची निपाणीकडची. बरोबर आलं किंवा चुकलं, की त्यावरून माणसाचा मेंदू पुढची निवड कशी करतो, हे ती कंपवाताच्या रोग्यांमध्ये तपासत होती. प्रत्येकाला दोनदा बोलवायची, एकदा गोळी घेऊन आणि एकदा न घेता. गोळी घेऊनची फेरी गेल्या महिन्यात झाली होती. आज दुसरी.

'हो' म्हणताना सुलभाताईंना त्यात काही अवघड वाटलं नव्हतं. अवघड आज सकाळी वाटायला लागलं, आरशासमोर टिकली लावताना. टिकली कपाळ सोडून भुवईवर बसली, मग नाकाच्या शेंड्यावर. असा हात घेऊन बसवनगुडीतून रिक्षात बसायचं, इस्पितळाच्या त्या लांबलचक व्हरांड्यातून शंभर लोकांसमोरून जायचं? छे. तीन वर्षांत त्यांचा हात हलताना नवऱ्याशिवाय कोणी पाहिला नव्हता. गोळी लागू पडली की त्या बाहेर पडत आणि तिचा अंमल उतरायच्या आत घरी परतत. गांधी बाजारातल्या फुलवालीला अजून पत्ता नव्हता. समोरच्या विद्याताई तर म्हणायच्या, तुम्ही या वयात काय टापटीप राहता हो. सुलभाताईंनी नाकावर कधी माशी बसू दिली नव्हती, आणि हा हात म्हणजे तर चांगला हत्तीच होता.

पुन्हा हात म्हणजे काही साधासुधा हात नव्हे. त्या सरकारी कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होत्या तेव्हा साऱ्या कारखान्यांच्या बायकांच्या कॅरम स्पर्धेत त्या हातानं भल्याभल्यांना पाणी पाजलं होतं. हैदराबादच्या एका बाईनं हरल्यावर त्यांचा हात हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला होता. ती गोष्ट सुलभाताई कोणी न विचारताही सांगत.

इस्पितळात पोचेपर्यंत गोळी लागू पडली होती. त्या ताठ मानेनं व्हरांड्यातून गेल्या आणि गेल्या महिन्यातल्याच खुर्चीत बसल्या. धनलक्ष्मीनं त्यांना मूठ उघडमीट करायला लावली, मग अंगठ्यावर बोट आपटायला लावलं. हात इस्त्री केल्यासारखा सरळ होता.

"अक्का, काल रात्रीपासनं गोळी घेतला नाही की?"

"नाही."

"सकाळी चुकून बिकून?"

"मी चुकून काही करत नाही गं."

धनलक्ष्मीनं त्या हाताकडे पाहिलं. आईपेक्षा मोठ्या बाईला तिसऱ्यांदा तेच विचारायचं कसं, या विचारानं तिची मान खाली गेली. शेवटी तिनं बरं अशा अर्थानं कन्नडमधलं "सरी" म्हटलं, जे दिसलं ते लिहून घेतलं आणि यंत्र सुरू केलं.

खेळ सोपा होता. पडद्यावर दोन विचित्र आकार येत, त्यांतला एक बटण दाबून निवडायचा. बरोबर आला तर हिरवी खूण, चुकला तर लाल फुली. गंमत अशी, की कुठलाच आकार कायम बरोबर नसायचा आणि कुठलाच कायम चूक. एखादा बहुतेक वेळा हिरवा व्हायचा, एखादा बहुतेक वेळा लाल, आणि हे कोणी सांगायचं नाही, आपलं आपण ओळखायचं. दर फेरीला आकारही नवे असायचे. सुलभाताई झटपट बटणं दाबत गेल्या. हिरवी खूण आली की त्यांना बरं वाटायचं. फुली आली की त्या पुढे जायच्या.

"किती मार्क?" संपल्यावर त्यांनी विचारलं.

"मार्क नसतात की अक्का यात."

"असं कसं. खेळ आहे म्हटल्यावर कोणीतरी जिंकणार, कोणीतरी हरणार. सांग, मला काही वाटायचं नाही."

धनलक्ष्मी हसली. खरं तर सांगायचं नसतं, असं म्हणत तिनं खुर्ची जवळ ओढली. पुरुषोत्तमरावही पिशवी मांडीवर घेऊन सरसावून बसले.

"मेंदूत खोलवर एक जागा आहे," ती म्हणाली. "आपलं बरोबर आलं की तिथं डोपामीन म्हणून एक रसायन असतंय, ते उसळी मारतंय. म्हणजे मेंदू म्हणतोय, हेच परत कर. चुकलं की ते खाली जातंय, स्वल्प खड्डा पडतोय. म्हणजे, हे परत नको. उसळीनं शिकायचं आणि खड्ड्यानं पण शिकायचं. या आजारात ते रसायनच कमी पडतंय. गोळी भर घालतीय, म्हणून हात थांबतोय. पण गोळी आपली सारखीच भर घालत राहती. मग चुकल्यावर जो खड्डा पडायला पाहिजे, तो नीट पडतच नाही, असा आमचा अंदाज आहे."

"म्हणजे चूक कळत नाही?"

"कळती की. फुली दिसतीयच. पण लागत नाही. गेल्या खेपेला गोळी होती, तेव्हा तुमचं तसंच आलं. चांगला आकार बरोबर धरलात. वाईट आकार मात्र परत परत निवडलात."

"मी?" सुलभाताई म्हणाल्या.

"त्यात काही नाही हो. गोळीवर पुष्कळांचं असं येतंय. गोळी नसताना उलट यावं, म्हणजे माणूस फुलीवरून जास्त शिकावा, तेच आम्ही बघायलोय." धनलक्ष्मीनं पडद्यावरचा आजचा आलेख पुन्हा एकदा पाहिला. तिचा चेहरा जरा उतरला होता, पण आवाज मऊ होता. "तुमचं आज पण तसंच आलं. असतंय एखाद्याचं तसं, अक्का. गोळी असो नसो, स्वभावच तसा. चुकीचं मनाला लावून घेत नाही तुम्ही. चांगलं आहे की ते एका परीनं."

तोंडात मारल्यासारखं झालं सुलभाताईंना. चांगलं कसलं? एकच वाईट चाल पुन्हा पुन्हा खेळणारी बाई, असा त्याचा सरळ अर्थ होता. ते त्यांच्याविषयी, त्या खोलीत, त्या यंत्रावर नोंदलं गेलं होतं, आणि एका मुलीनं त्यांची समजूत काढण्यासाठी ते गोड करून सांगितलं होतं. त्यांनी पर्स उचलली, "येते गं" म्हटलं आणि त्या चालायला लागल्या. पुरुषोत्तमरावांना पिशवी सावरत मागून जवळजवळ पळावं लागलं.

रिक्षा सिग्नलला थांबली. पुरुषोत्तमरावांनी एकदा ऊन फार आहे असं म्हणून पाहिलं, पण त्याला दाद मिळाली नाही.

सुलभाताईंच्या डोळ्यांसमोर गणपतीतला डाव होता. मल्लेश्वरमच्या हॉलमध्ये मंडळाच्या स्पर्धा होत्या आणि समोर आशय म्हणून कोणी सॉफ्टवेअरमधला पोरगा होता, पुण्याहून नुकताच आलेला. त्याला कॅरम येत होतं, पण इतकंही नाही. गोळी वेळेवर घेतलेली होती, हात दगडासारखा स्थिर होता. आणि सुलभाताई उजव्या कोपऱ्यातल्या सोंगटीला बारीक कट मारायला गेल्या, ती हुकली. पुन्हा तोच कट, पुन्हा हुकली. डावीकडे सोपी सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी बसलेली असताना त्या तिसऱ्यांदा तिकडेच गेल्या. लोक बघत होते, कट सुंदर दिसत होता, बसला असता तर टाळ्या पडल्या असत्या. बसला नाही. आशयनं शांतपणे राणी घेतली, कव्हर केली आणि वर "आँटी, वेल प्लेड" म्हणाला. बोर्ड फुगलेला होता, असं सुलभाताईंनी घरी येऊन सांगितलं. मग आजारपणाकडे बोट दाखवलं. मंडळात जाणं त्यांनी तेव्हापासून बंद केलं ते केलंच.

पण बोर्ड चांगला होता. हातही चांगला होता. नेम चुकला नव्हता, निवड चुकली होती, आणि ती चूक त्यांना लागली नव्हती. पूर्वी लागायची. एकदा हुकलेला कट त्या सबंध डावात परत खेळत नसत. रात्री उशीवर डोकं टेकलं तरी तो हुकलेला कट आठवून त्यांच्या पोटात खड्डा पडायचा. लोक त्यांच्या हाताचं कौतुक करत आणि त्या ते मिरवून घेत. जिंकायच्या मात्र त्या खड्ड्यावर, आणि हे त्यांना आज, या वयात, सिग्नलला उभ्या रिक्षात कळत होतं.

"स्वभावच तसा म्हणे," त्या मोठ्यानं म्हणाल्या.

"अं?"

"अहो, मी सकाळी गोळी घेतली होती."

पुरुषोत्तमरावांनी पिशवीचे बंद नीट केले. "ठाऊक आहे," ते म्हणाले. "तोंड धुवायला एवढा मोठा नळ कोण सोडतं? शिवाय एक गोळी मोरीपाशी होती. ती मी उचलून टाकली."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला लोकांसमोर जायचं होतं. मी काय बोलणार?"

सुलभाताईंनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. या माणसाला आपण उगीच भोळा समजतो, असं त्यांच्या मनात आलं. पण ते कबूल करायला आत्ता वेळ नव्हता. त्यांनी पुढे वाकून रिक्षावाल्याच्या पाठीमागच्या दांडीवर टकटक केलं.

"अण्णा, गाडी वळवा. परत इस्पितळ."

अण्णानं आरशातून पाहिलं, कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटत मान हलवली आणि "सरी अम्मा" म्हणत पुढच्या चौकात गाडी वळवली.

धनलक्ष्मी डबा उघडून बसली होती. सुलभाताई दारातच उभ्या राहिल्या. आपण माफी वगैरे मागायला आलो आहोत, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर शोधूनही सापडला नसता.

"आजचा निकाल फाडून टाक. मी गोळी घेऊन आले होते."

धनलक्ष्मीनं हातातला घास डब्यात परत ठेवला. "मला वाटलंच होतं अक्का," ती हळूच म्हणाली. "पण तुम्हाला खोटं कसं म्हणायचं?"

"म्हणायचं. डाव मांडून बसलीस ना, मग समोरचा फाउल करतोय तर सांगायचं, समोर म्हातारी असली तरी." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "तुझं काम बिघडवलं असतं मी. एवढं शिकून इथवर आलीस तू. आता परत परीक्षा घे माझी. बिनगोळीची."

"त्रास होईल तुम्हाला."

"होऊ दे."

दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावणं आलं. या खेपेला कडी लावली गेली नाही आणि नळही सोडला गेला नाही. टिकली पुरुषोत्तमरावांनी लावली, ती जरा वाकडीच लागली, पण सुलभाताईंनी ती तशीच ठेवली. रिक्षात त्यांचा हात पर्सवर सारखा वाजत होता. समोरच्या विद्याताई नेमक्या फाटकात उभ्या होत्या. त्यांनी हात पाहिला आणि काय बोलावं ते न सुचून त्या "येताय का जाऊन?" एवढंच म्हणाल्या.

"परीक्षा आहे," सुलभाताईंनी सांगितलं.

व्हरांडा आज दुप्पट लांब झाला होता. पावलं उचलत नव्हती, फरशीला घासत होती, आणि मधेच एका ठिकाणी अशी रुतली की पुरुषोत्तमरावांना थांबावं लागलं. बाकांवरची माणसं पाहत होती. एका बाईनं आपल्या मुलाचं तोंड दुसरीकडे वळवलं. परत फिरावं असं सुलभाताईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. फिरल्या असत्या तर नवरा एका शब्दानं बोलला नसता, हेही त्यांना माहीत होतं. त्यांनी नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं. दोघांचे हात मिळून हलायला लागले. मग पाऊल सुटलं आणि त्या पुढे गेल्या.

खेळ सुरू झाला. बटण दाबायला वेळ लागत होता. बोट बटणाच्या आजूबाजूला भिरभिरून मग त्यावर बसायचं, आणि धनलक्ष्मीनं त्यासाठी वेळेची अट सैल ठेवली होती. पहिली लाल फुली आली आणि सुलभाताईंच्या पोटात एक जुना, ओळखीचा खड्डा पडला. किती दिवसांनी. त्यांना जवळजवळ हसूच आलं. तो आकार त्यांनी मनाशी पक्का धरला, त्या आडव्या शेपटाच्या बेट्याला. पुढे तो वेगवेगळ्या जोड्यांत आला, साळसूद तोंड करून आला, मधेच एकदा थरथरतं बोट चुकून त्यावर पडलं तेव्हा हिरवाही झाला. सुलभाताई त्याच्या नादी लागल्या नाहीत. शेवटच्या भागात खुणा आणि फुल्या दाखवणं बंद झालं, नुसते आकार येत राहिले. खोलीत बटणाचा आणि खुर्चीच्या दांडीवर वाजणाऱ्या बांगड्यांचा आवाज होता. पुरुषोत्तमराव खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून बसले होते, गणपतीतल्या डावालाही ते असे बसले नव्हते.

खेळ संपला. धनलक्ष्मीनं पडद्याकडे पाहिलं. मग तिनं चष्मा काढला, ओढणीनं पुसला आणि परत लावून पाहिलं.

"अक्का, शेवटच्या भागात वाईट आकार एकदा पण निवडला नाही तुम्ही."

"का निवडीन?" सुलभाताई म्हणाल्या. त्यांचा आवाजही आता कापत होता, शब्द एकमेकांत अडकत होते, पण मान अशी वर होती की हैदराबादच्या त्या बाईनंही ओळखली असती.

"चांगला आकार तेवढा नीट जमला नाही पण."

"नसेल. आधी हरायचं नाही, मग जिंकायचं. आमचा खेळ तसाच होता."

आतल्या खोलीत कॅमेरा लावलेला होता. गेल्या खेपेची भानगड कळल्यावर मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की या वेळी हाताच्या हालचालींचं चित्रण करून ठेवायचं. ते पुढे वर्गात शिकवायलाही वापरता येईल, पण रोग्याची हरकत नसेल तरच.

"हे झालं की लगेच गोळी घ्यायची, पाणी आणून ठेवलंय," धनलक्ष्मी म्हणाली. "आणि चेहरा दिसणार नाही, अक्का. आम्ही झाकतो. सगळेच तसं मागतात. फक्त हात दिसंल."

सुलभाताई खुर्चीत बसल्या. हात मांडीवर होता आणि साडीचा पोत त्याच्याखाली सारखा हलत होता. त्यांनी कॅमेऱ्याच्या काचेकडे पाहिलं.

"चेहरा झाकू नकोस."

"नक्की?"

पुरुषोत्तमरावांनी पाण्याचा पेला जवळ सरकवला. सुलभाताईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"नक्की. आणि एक सांगते. वर्गात दाखवशील तेव्हा आधी हा हात दाखव. चांगला वेळ दाखव. मग पोरांना विचार, ही बाई खेळात कशी खेळली असेल. सगळ्यांना उत्तर द्यायला लाव. निकाल त्याच्यानंतर दाखव."

"सगळे चुकतील की, अक्का."

"चुकू दे. त्याशिवाय शिकणार कशी?" सुलभाताईंनी पदर सारखा केला, त्याला बराच वेळ लागला, आणि मग उजवा हात उचलून त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरला. "चल, सुरू कर."